उल्हास नदीच्या काठी घर सजवताना

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि अंबरनाथ ही स्थानके मागे टाकून बदलापूरला पोहोचते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हे अंतर ६८ किलोमीटर. खिडकीच्या एका बाजूला मलंगगडाचे आणि चंदेरीचे सुळके दिसत राहतात, तर दुसऱ्या बाजूला काही अंतरावरून उल्हास नदी उलट दिशेने, कल्याणच्या खाडीकडे वाहत असते. मुंबईतील मस्जिद बंदर, भुलेश्वर किंवा काळबादेवी येथे पेढी आणि निवास मात्र या पट्ट्यात, अशी व्यापारी कुटुंबे आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. त्यांतील काहींनी बदलापूरच्या पुढे, नदीच्या किंवा डोंगराच्या कडेला, सुट्टीसाठी छोटेखानी घरही घेतले आहे. त्याला कोणी बंगला म्हणतात, कोणी वाडी, बहुतेक जण फार्महाऊस.

अशा घरांच्या सजावटीत सध्या एका शैलीची चलती आहे. पांढऱ्या भिंती, फिकट निळे पडदे, वेताच्या खुर्च्या, जुनाट दिसणारे फिके लाकूड, भिंतीवर होडीचे वल्हे आणि टेबलावर काचेच्या बरणीत शिंपले. समुद्रकाठच्या शेतघराचे हे रूप परदेशी मासिकांतून आणि मोबाईलच्या पडद्यावरून आपल्याकडे आले. समुद्र दिसत नसलेल्या बदलापुरात ते कसे शोभेल, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुसरा आहे. कर्ज काढून, हौसेने उभारलेले हे घर मनाला विसावा देते, की आषाढातल्या प्रत्येक मुसळधार रात्री एका नव्या काळजीची भर घालते?

समुद्र दिसत नाही, पण दूरही नाही

उल्हास नदी राजमाचीच्या परिसरातील डोंगरांत उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणला येते आणि पुढे वसईच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. भरतीचे पाणी कल्याणच्या खाडीपर्यंत चढते. म्हणूनच कल्याण हे प्राचीन काळी बंदर होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात त्याचे नाव येते आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. या पट्ट्याचे समुद्राशी असलेले नाते असे दोन हजार वर्षांचे आणि मुख्यतः व्यापाराचे आहे.

जैन कुटुंबांना या किनाऱ्याची ओळख आणखी एका कथेने आहे. श्रीपाळ राजाला धवल शेठने कपटाने जहाजावरून समुद्रात ढकलले, तेव्हा नवपदांचे स्मरण करीत तो कोकणच्या किनाऱ्यावर, ठाण्याला सुखरूप लागला. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रत स्वामींचे मंदिर ‘कोकण शत्रुंजय’ या नावाने ओळखले जाते, ते याच कथेशी जोडलेले आहे. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील आयंबिलच्या ओळीत ही कथा घरोघरी ऐकली जाते. या कथेत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. नवपदांच्या आराधनेमुळे श्रीपाळावरील संकट टळले नाही. त्याला समुद्रात पडावेच लागले. श्रद्धेने त्याला दिले ते पाण्यातही स्थिर राहणारे चित्त. आणि त्याच धवल शेठशी पुढेही वैर न धरण्याचे बळ.

बराकींतून उभे राहिलेले शहर

बदलापूरच्या घरासाठी पलंग, कपाट किंवा सोफा घ्यायचा तर बहुतेकांची पावले आधी उल्हासनगरकडे वळतात. येथील फर्निचरचा आणि कापडाचा बाजार साऱ्या ठाणे जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. या बाजारामागचा इतिहास मात्र खरेदीच्या घाईत सहसा आठवत नाही. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची मोठी छावणी होती, ती कल्याण कॅम्प या नावाने ओळखली जाई. फाळणीनंतर सिंधमधून विस्थापित होऊन आलेल्या कुटुंबांना याच छावणीतील बराकींत जागा देण्यात आली. दोन हजारांहून अधिक बराकी आणि सुमारे एक लाख माणसे असा तो पसारा होता. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली आणि नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प एक ते पाच ही आजही रूढ असलेली विभागणी त्या छावणीचीच खूण आहे.

या कुटुंबांपैकी अनेक जण कराचीहून जहाजाने मुंबईला उतरले होते. मागे राहिलेली घरे, दुकाने, भांडीकुंडी पुन्हा दिसणार नव्हती. एका बराकीत अनेक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचा किंवा चादरीचा आडोसा, अशा अवस्थेत त्यांनी संसार मांडला आणि दारातच विक्रीही सुरू केली. ज्यांचे स्वतःचे घर गेले, त्यांच्याच पुढच्या पिढ्या आज इतरांची घरे सजवण्याचे सामान विकतात. वस्तू जाते, तरी ती निर्माण करण्याची बुद्धी आणि उद्यम शिल्लक राहतो, हे कोणत्याही प्रवचनाइतक्याच स्पष्टपणे या बाजारात दिसते.

खरेदीच्या वेळी श्रावकाच्या घराने काही गोष्टींचा वेगळा विचार करणे आवश्यक ठरते. सागरी शैलीचा मुख्य साज म्हणजे शंख, शिंपले, कवड्या, वाळवलेले तारामासे आणि पोवळी. शंख-शिंपल्यांतील जीव द्वीन्द्रिय आहेत, हे पाठशाळेत जीवविचार शिकणारे मूलही सांगते. बाजारात येणारे सगळे शिंपले किनाऱ्यावर वेचलेले नसतात. मागणी वाढली की जिवंत प्राणीही बाहेर काढले जातात. प्रवाळाची गणना आपल्या शास्त्रांत पृथ्वीकायात होते, आधुनिक जीवशास्त्र त्याला प्राणी मानते; कोणत्याही दृष्टीने पाहिले तरी ते शोभेसाठी आणणे टाळलेलेच बरे. शंख हे भगवान नेमिनाथांचे लांछन आहे आणि धर्मकार्यातील शंखाचा विचार निराळा आहे, परंतु दिवाणखान्यातील बरणी भरण्यास ते निमित्त होऊ शकत नाही. मासेमारीचे जाळे भिंतीवर टांगण्याबाबत तर अधिक काही सांगण्याची गरजच नाही. मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या, चामड्याचा सोफा आणि रेशमी आच्छादने यांनाही हाच विचार लागू पडतो.

हे सारे वगळल्यावर सागरी घर ओकेबोके दिसेल असे नाही. कोकणचे मूळ घर शिंपल्यांनी कधीच सजलेले नव्हते. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, पुढे पडवी, मग ओटी आणि आत माजघर, शेणाने सारवलेले किंवा कोब्याचे अंगण, तुळशीवृंदावन, वळचणीला टांगलेली काथ्याची दोरी हीच त्याची शोभा. काथ्या, सुतळी, बांबू, वेत, खादीचे किंवा हातमागाचे सुती कापड, मातीची भांडी, शहाबादी फरशी आणि ओटीवर झोपाळा एवढ्या सामग्रीत किनाऱ्याचा गारवा घरात येतो. पांढऱ्या आणि निळ्या रंगाला कोणाचीच हरकत नाही.

अंबरनाथचा दगड

उल्हासनगरच्या पुढचे स्थानक अंबरनाथचे. कारखान्यांसाठी आणि औद्योगिक वसाहतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात वालधुनी नदीच्या काठी शिलाहार काळातील शिवमंदिर उभे आहे. मंदिरातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे. २०६० साली त्याला एक हजार वर्षे पूर्ण होतील. काळ्या पाषाणातील बाह्यभिंतींवर मूर्तींच्या रांगा आहेत, सभामंडपाचे खांब बारीक कोरीव कामाने भरलेले आहेत आणि गाभारा मात्र मंडपाच्या पातळीपासून बराच खाली. पायऱ्या उतरून तेथे जावे लागते. बाहेर वैभवाची गर्दी आणि आत, खोल, जवळजवळ अंधारी व अनलंकृत जागा, अशी ही रचना आहे.

गृहसजावटीचा विचार मनात घेऊन आलेल्या प्रवाशाने या रचनेसमोर क्षणभर थांबावे. मंदिर कोणत्याही संप्रदायाचे असो, प्राचीन स्थपतीने सर्वांत महत्त्वाची जागा सर्वांत साधी ठेवली, ही गोष्ट घरालाही लागू पडते. जैन घरात ती जागा गृहमंदिराची किंवा सामायिकाच्या कोपऱ्याची. अनेक नव्या घरांत मात्र दिवाणखान्याच्या आराखड्यावर महिनोन्महिने चर्चा होते आणि सामायिकाची जागा शेवटी जिन्याखाली उरते. पूर्वेचा किंवा उत्तरेचा उजेड येणारा, पादत्राणांपासून आणि दूरदर्शन संचापासून दूर असलेला, कटासणे पसरण्याइतका कोपरा आराखड्याच्या पहिल्याच कागदावर आखला जावा.

या मंदिराचे शिखर आज पूर्ण स्वरूपात नाही आणि त्याच्या पायाशी वाहणारी वालधुनी शहराच्या व कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडली आहे. ज्या राजवंशाने मंदिर बांधले, तो राजवंश कधीच इतिहासजमा झाला. अनित्य भावना समजावून सांगण्यासाठी याहून जवळचे उदाहरण मुंबईच्या उपनगरांत क्वचितच सापडेल.

बदलापूर आणि नदीची रेषा

बदलापूर या नावाविषयी अशी लोकधारणा आहे की, येथे प्रवासी आणि सैनिक आपले घोडे बदलत असत. आज येथे गाड्यांऐवजी माणसांची आयुष्ये बदलताना दिसतात. मुंबईतील एका खोलीच्या किमतीत येथे दोन खोल्या मिळतात, बारवी धरणाच्या रस्त्याला हिरवाई आहे, उन्हाळ्याच्या अखेरीस जांभळांच्या पाट्या बाजारात येतात. मात्र ज्या नदीने या परिसराला सौंदर्य दिले, तीच त्याच्या काळजीचेही कारण आहे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. त्या वेळी उल्हास आणि वालधुनीच्या पुराने कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या वस्त्यांमध्ये मोठी हानी केली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, रेल्वे, स्थानिक प्रशासन आणि आसपासच्या गावांतील रहिवासी यांच्या प्रयत्नांनी सुमारे एक हजार प्रवासी सुखरूप बाहेर आले. त्या गाडीतील प्रवाशांनी रात्रभर नामस्मरण केले असेल यात शंका नाही. पण त्यांच्यापर्यंत मदत होडीच्या आणि माणसांच्या रूपाने पोहोचली. श्रद्धा आणि पुरुषार्थ हे एकमेकांचे विरोधक नाहीत, हे त्या सकाळी संपूर्ण महाराष्ट्राने पाहिले.

म्हणूनच नदीकाठी घर घेणाऱ्याने परमेश्वरावर भार टाकण्यापूर्वी स्वतःचे काम पूर्ण करावे. जलसंपदा विभाग नद्यांच्या काठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जागा या रेषांच्या आत आहे का, हे नगरपालिकेत किंवा जलसंपदा कार्यालयात लेखी विचारावे. दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. जमीन शेतीची असेल तर महाराष्ट्रात सामान्यतः शेतकऱ्यालाच ती विकत घेता येते, म्हणून सातबारा आणि अकृषिक परवानगी ही दोन्ही कागदपत्रे वकिलाकडून तपासून घ्यावीत. एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या पॉलिसीत पुराचा समावेश आहे. इमारतीचा विमा घेतला की तिच्या विमा रकमेच्या २० टक्के, मात्र कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सामानालाही संरक्षण मिळते. हजारोंचे पडदे घेणारी कुटुंबे या हप्त्याकडे अनावश्यक खर्च म्हणून पाहतात, हे आश्चर्यच आहे.

सजावटीतही पाण्याचा विचार पहिला असावा. जोते रस्त्यापेक्षा पुरेसे उंच असावे. तळमजल्यावर भिंतीत बसवलेल्या कपाटांपेक्षा सहज उचलता येणारे हलके सामान सोयीचे. पार्टिकल बोर्ड एकदा भिजला की फुगून निकामी होतो. त्याऐवजी आयएस ७१० मानकाचे मरीन प्लायवूड, वेत किंवा लोखंडी चौकटीचे फर्निचर घ्यावे. विजेचे सॉकेट आणि इन्व्हर्टर उंचावर बसवावेत. कागदपत्रे, धर्मग्रंथ आणि औषधे माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवावीत. चटया आणि गाद्या उन्हात घालता येतील अशा असाव्यात, गालिचे भिंतीपासून भिंतीपर्यंत नसावेत.

जयणेच्या दृष्टीनेही हाच मार्ग हितकर ठरतो. ओलसर भिंतीवर शेवाळ येते, आणि शेवाळ म्हणजे अनंतकाय. एकदा आलेले शेवाळ खरवडून काढण्यात जी हिंसा होते, ती टाळण्यासाठी पावसाळ्यापूर्वीच भिंतीतील गळती थांबवणे, पन्हळी साफ ठेवणे आणि खोल्यांत वारा खेळता ठेवणे हाच उपाय. वाळवीचेही तसेच, लाकूड कोरडे आणि जमिनीपासून उंच असेल तर ती लागण्याचा संभव कमी होतो. पडवीत पांढऱ्या प्रखर दिव्याऐवजी मंद पिवळा दिवा लावला आणि दारांना जाळी बसवली तर किडे कमी येतात. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकले की स्वयंपाकघरातील दिवाही लवकर मालवता येतो. चातुर्मासात तर शक्यतो प्रवास मर्यादित ठेवून अशा घरी जाणेच टाळावे आणि आश्विनातील ओळीनंतर घर उघडावे, ही पद्धत जुन्या मंडळींना सुचली असती तर त्यांनी नक्कीच पाळली असती.

भरवसा कशावर ठेवायचा?

इतके सगळे करूनही नदी येऊ शकते. विमा असूनही दावा लांबतो, उंच जोत्यापेक्षाही पाणी उंच चढते. आणि काळजी केवळ पुराची नसते. पेढीवरील उधारी वसूल होत नाही, कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेला येतोच, मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न, आईवडिलांचे आजारपण यांचा विचार डोंगराच्या कुशीतील घरातही पाठ सोडत नाही. अशा वेळी परमात्म्यावर विश्वास ठेवणे याचा जैन अर्थ कोणता?

वीतराग भगवंत कोणाचे घर बुडवत नाहीत आणि कोणाचे वाचवतही नाहीत. त्यांच्याशी नवसाचा व्यवहार होऊ शकत नाही. व्यापारी मनाला हे थोडे कठीण वाटते, कारण देवाणघेवाण हा त्याचा स्वभाव आहे. परंतु याच तत्त्वात मोठा दिलासाही दडलेला आहे. पूर आला म्हणजे देव कोपला असे मानण्याचे कारण उरत नाही, आणि शेजाऱ्याचे घर वाचले व आपले बुडाले म्हणून आपली भक्ती कमी पडली असे स्वतःला दोष देण्याचेही. अरिहंत, सिद्ध, साधू आणि केवलीप्रणीत धर्म ही चार शरणे मागितली जातात ती घराच्या रक्षणासाठी नव्हेत. घर राहो वा जावो, त्या वेळी आत्मा आर्तध्यानात बुडू नये यासाठी ती आहेत.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रह परिमाण व्रताचे अतिचार सांगताना क्षेत्र आणि वास्तू यांचा उल्लेख सर्वांत आधी येतो आणि घरातील सामानसुमान म्हणजे कुप्य सर्वांत शेवटी. जमीन, घर आणि सजावट हे तिन्ही विषय शास्त्रकारांना अपरिचित नव्हते. त्यांनी गृहस्थाला घर बांधू नको असे सांगितले नाही. किती, याची मर्यादा ठरव आणि ती ओलांडू नको, एवढेच सांगितले. ज्या घराला मर्यादा आहे, त्याच्या काळजीलाही मर्यादा असते. एका ट्रकमध्ये मावेल इतकेच सामान तळमजल्यावर ठेवायचे, असा साधा नियम केला तरी पुराच्या बातमीने होणारी धडधड निम्म्याने कमी होईल.

अशा घराचा आणखी एक उपयोग आहे. एक खोली पूर्णपणे साधी, स्वच्छ आणि मोकळी ठेवली, तर विहारात असलेल्या साधू-साध्वींना ती कामी येऊ शकते. पूर आल्यावर खालच्या वस्तीतील कुटुंबालाही तिचा आसरा देता येतो. सजावटीवर झालेल्या खर्चापैकी सर्वाधिक सार्थकी लागलेला खर्च त्या रिकाम्या खोलीचाच ठरेल.

पावसाळी रात्री वीज गेलेली असते, कौलांवर सरी कोसळत असतात आणि दूरवर नदीचा आवाज येत असतो. गृहस्थाने पाण्याची पातळी पाहावी, मोबाईलवर प्रशासनाची सूचना वाचावी, वृद्धांना आणि मुलांना वरच्या मजल्यावर न्यावे, शेजाऱ्याला हाक मारावी. त्यानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांचे एक सामायिक करावे. तेवढा वेळ घर, पेढी आणि नदी या तिन्हींवरचा आपला हक्क सोडून द्यावा. सामायिक पारून उठल्यावर घर तेच असेल किंवा नसेलही. पण जे करायचे उरले असेल, ते थरथरत्या हातांनी करावे लागणार नाही.